कागदावर माझा मालक वेगळा आहे

मित्रांनो, मी हवा भरणारा कंप्रेसर आहे. जुना आहे, पण मोडलेला नाही. आज मी एका जिन्याखालच्या कोपऱ्यात, झाडू आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांशेजारी उभा आहे, म्हणून येणारे-जाणारे मला भंगार समजतात. माझी मोटर अजून ठणठणीत आहे. माझ्यावर जे गुदरले ते वयामुळे किंवा गंजामुळे नाही, माणसांमुळे गुदरले. आणि खरे सांगायचे तर ते माझ्यापेक्षा नीलेशवर जास्त गुदरले. माझी गोष्ट सांगायची तर मला त्याचीच सांगावी लागेल.

माझा जन्म राजकोटच्या एका लहानशा कारखान्यात झाला. जाड पत्रा वळवून माझी टाकी केली, तिच्या पाठीवर मोटर बसवली, मोटरीला पट्टा जोडला आणि पुढे काचेआड एक काटा लावला. टाकीत किती हवा आहे ते हा काटा सांगतो. मला निळा रंग दिला आणि ट्रकमध्ये चढवून थेट द्रोणागिरीजवळच्या एका कंटेनर यार्डात पाठवले. तिथे आठ वर्षे मी मोठमोठ्या ट्रेलरच्या टायरांत हवा भरली. एकेका ट्रेलरला किती चाके असतात ते तुम्ही कधी मोजले आहे का? मी मोजत नसे. मी फक्त धापा टाकत असे.

त्या यार्डात नीलेश रोजंदारीवर टायर खोलायचे काम करी. शिरढोणच्या मागे डोंगराच्या पायथ्याला ठाकरांची एक वाडी आहे, तिथला तो. त्याचा बाप गोमा आणि आई चिंधी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात आणि पावसाळ्यात दुसऱ्यांच्या शेतांत भाताची लावणी करत. नीलेशला भट्टीवर जायचे नव्हते. तो टायरचे काम शिकला आणि असा शिकला, की ट्यूब पाण्यात न बुडवता नुसती कानाजवळ फिरवून कुठे फट आहे ते सांगे. मी चालू असलो की तो माझ्या टाकीवर तळहात ठेवून उभा राही. माझा पट्टा सैल झाला तर त्याला काटा बघावा लागत नसे.

पुढे यार्डाने माझ्या तिप्पट मोठे यंत्र आणले आणि मला जासईच्या भंगारवाल्याला देऊन टाकले. मी तिथे फुटक्या बाथटबशेजारी पडलो होतो. चौथ्या दिवशी नीलेश आला. त्याच्याबरोबर त्याची बायको दिपा होती. तिने बचत गटातून कर्ज उचलले होते. भंगारवाल्याने मला वजनावर विकले. त्याला मी लोखंड होतो. नीलेशने मला टेम्पोत चढवले, दोरीने बांधले आणि वाडीपर्यंत माझ्याशेजारीच बसून आला.

वाडीवर मी पाच महिने पडवीत दिपाच्या जुन्या लुगड्याखाली झाकून होतो. तिथे गाड्या येत नव्हत्या, आणि विजेचा दाब एवढा कमी होता की माझी मोटर नुसती हुंकार देई. धंदा करायचा तर रस्त्यावर, शहराजवळ जागा हवी. नीलेश रोज सकाळी जागा शोधायला पनवेलला जाई आणि संध्याकाळी पडवीत बसून दिपाला दिवसाची हकिकत सांगे. ती सगळी मी ऐकली आहे.

आधी त्याने नवीन पनवेलला एक गाळा पाहिला. मोटारसायकल आडवी लावली तर दोन्ही भिंतींना टेकेल, एवढासा. त्याचे डिपॉझिट ऐकून तो बाहेरच्या पायरीवर बसला. वर्षभर एकही खाडा न करता यार्डात जे मिळते त्याहून ते जास्त होते, आणि भाडे व दलाली वेगळी. कामोठ्याला तेच, खांदा कॉलनीला तेच. एका ठिकाणी भाडे जरा बरे होते, तर वर राहणाऱ्या सोसायटीने कंप्रेसरचा आवाज नको म्हणून कळवले. मग तो बँकेत गेला. तिथला साहेब चांगला बोलला, चहाही पाजला. धंद्यासाठी कर्ज मिळते म्हणाला, फक्त जागेचा भाडेकरार आण. नीलेशने त्याला सांगितले, की करारासाठी डिपॉझिट लागते आणि डिपॉझिटसाठीच मी कर्ज मागतोय. साहेब म्हणाला, तुझे खरे आहे, पण कराराशिवाय संगणक पुढे सरकत नाही.

शेवटी त्याने एका सिग्नलजवळ फुटपाथवर पायपंप आणि पाण्याचे घमेले घेऊन बसून पाहिले. नवव्या दिवशी अतिक्रमणाची गाडी आली आणि पंप, घमेले, दोन जुने टायर उचलून घेऊन गेली. ते सोडवायचा दंड पंपाच्या किमतीपेक्षा जास्त होता, म्हणून त्याने सोडवलेच नाहीत.

त्या संध्याकाळी दिपाने माझ्यावरचे लुगडे नीट सारखे केले. मग म्हणाली, "म्हंजे धंदा सुरू करायला आदी धंदा असायला पायजे."

अशा वेळी भगवान आला. वाडीच्या रस्त्यावर त्याच्या गाडीचे चाक बसले आणि कोणीतरी नीलेशचे नाव सांगितले. नीलेशने गावातल्या पिठाच्या गिरणीतून वायर ओढून मला चालू केले आणि अर्ध्या तासात चाक तयार करून दिले. भगवान पन्नाशीचा, अंगाने भरलेला, बोलायला मोकळा माणूस होता. त्याची बरीचशी शेती निरनिराळ्या प्रकल्पांत गेली होती. आलेल्या पैशातून त्याने पाण्याचे सहा टँकर घेतले होते, आणि पनवेलच्या आसपास जिथे इमारती आधी उभ्या राहतात आणि नळ मागून येतात, तिथे तो पाणी पुरवी. त्याने नीलेशला निरखून पाहिले आणि गोमाचा पोर ना तू, असे विचारले. गोमाने भगवानच्या वडिलांच्या शेतात वीस पावसाळे लावणी केली होती. एवढी ओळख निघाल्यावर नीलेशने त्याला सगळी अडचण सांगितली.

भगवानची पळस्प्याच्या पुढे हमरस्त्याला लागून जमिनीची एक पट्टी होती. तिच्यावर पूर्वी खताची पोती ठेवायची पत्र्याची शेड रिकामी पडून होती.

"भाडं नको मला," भगवान म्हणाला. "माज्या टँकरची पंक्चर काढ नि लाईटचं बिल भर. कागद नको, पावती नको. तू आपलाच हाय."

मित्रांनो, तेव्हा त्याच्या मनात काही वाईट होते असे मी म्हणणार नाही. मला तसे वाटले नाही आणि नीलेशलाही वाटले नाही. सगळ्या शहराने ज्याला नको म्हटले होते, त्याला एकाने ये म्हटले. गोमा तर त्या दिवशी भगवानच्या पाया पडला. वयाने तो भगवानपेक्षा मोठा होता.

तिथून माझे चांगले दिवस सुरू झाले. नीलेशने शेड झाडून घेतली, जमिनीवर फरशीचे तुकडे बसवले आणि पत्र्यावर स्वतःच्या हाताने पांढऱ्या रंगात लिहिले, 'नीलेश टायर वर्क्स'. अक्षरे जरा वरखाली झाली होती. दिपा मुलाला वाडीवर चिंधीकडे ठेवून दुपारी येई. स्कूटरच्या पंक्चर ती काढू लागली. सुरुवातीला लोक गाडी तिच्या हातात द्यायला बिचकत, मग तिलाच शोधत येऊ लागले, कारण नीलेश बोलत बसे आणि ती काम उरके. संध्याकाळी ती मला ओल्या फडक्याने पुसे आणि काट्याच्या काचेवर फुंकर मारून ती वेगळी पुसे.

एकदा शाळेच्या सहलीची बस भर उन्हात आमच्यासमोर थांबली. मागचे चाक बसले होते. पन्नास मुले रस्त्याकडेला उभी राहिली. नीलेशने चाक उतरवले, ट्यूब जोडली, मी हवा भरली, आणि चाक पुन्हा टणक झाले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. यार्डात आठ वर्षांत माझ्यासाठी कोणी टाळी वाजवली नव्हती.

आमचे एक नेहमीचे गिऱ्हाईक होते, कमलाकर. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, जवळच्या नव्या इमारतीत बायको रमाबरोबर राहणारे. दर सोमवारी ते स्कूटरची हवा तपासायला येत. हवा कमी झालेली नसली तरी येत. नीलेशशी ते मायेने वागत. एकदा त्यांनी शेडच्या कागदपत्रांबद्दल विचारले आणि काहीच नाही हे ऐकून चष्मा काढला.

"अरे, असं तोंडी काही ठेवू नये," ते म्हणाले. "साधी भाडेपावती तरी घे. एक रुपया भाडं लाव, पण पावती घे."

नीलेश हसला. ज्याने भाडेच घेतले नाही त्याच्याकडे पावती कशी मागायची? तो अपमान झाला असता. शिवाय दुकानाचे लायसन भगवानने आधीच काढून दिले होते. नीलेशच्या आधार कार्डावर वाडीचा पत्ता होता, जमीन भगवानची, वीजमीटर भगवानचे. म्हणून लायसनही भगवानच्याच नावाने निघाले. सोपे पडते, असे भगवान म्हणाला होता. खरोखरच सोपे पडले होते. एका दिवसात काम झाले.

चार वर्षे गेली. भाडे नव्हते हे खरे, पण सहा टँकरच्या पंक्चर म्हणजे काही थोडे काम नव्हते. टँकर दिवसा शहरात असत, म्हणून ते पहाटे येत, आणि त्यांचे आटोपल्याशिवाय दुसरे गिऱ्हाईक घेता येत नसे. दिपाने एकदा बोटांवर हिशेब करून सांगितले, की एवढ्या कामात तर भाडे सुटून वर उरले असते. नीलेशने तिला गप्प केले. मात्र बचत गटाचे कर्ज फिटले होते, नीलेशने जॅक घेतला होता, आणि गोमा-चिंधी त्या वर्षी पहिल्यांदा भट्टीवर गेले नाहीत. मी हे माझे काम समजतो आणि मला त्याचा अजूनही अभिमान वाटतो.

मग बातमी आली, की हमरस्ता रुंद होणार. रस्त्यालगतची बांधकामे जाणार. ज्यांचा तिथे चालू धंदा आहे, त्यांना नुकसानभरपाई आणि नव्या वसाहतीत पर्यायी गाळा मिळणार. धंदा कोणाचा हे पाहायला सर्वेचे लोक येणार होते.

नीलेशला ऐकून आनंदच झाला. शहरात ज्या गाळ्यासाठी तो पाच महिने वणवण फिरला, तो गाळा आता चालत येणार होता. त्याने भगवानला विचारले, की माझे नाव कसे लावायचे. भगवान खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला आणि त्याने शांतपणे समजावले. लायसन त्याच्या नावावर, लाईट बिल त्याच्या नावावर. आता मधेच नीलेशचे नाव आले तर साहेबांना संशय येईल आणि दोघांचेही जाईल. नाव एकच दिसले पाहिजे. गाळा मिळाला की नीलेशनेच चालवायचा. अर्धा त्याचा.

"शब्द देतो तुला," भगवान म्हणाला. "गोमाच्या पोराला मी फसवीन काय?"

सर्वेच्या आदल्या दुपारी एक पेंटर आला. त्याने नीलेशच्या अक्षरांवर पिवळा रंग फासला आणि वर लिहिले, 'भगवान टायर सर्व्हिस'. अक्षरे सुरेख होती. नीलेशनेच त्याला शिडी धरली.

सर्वेच्या सकाळी भगवानच्या घरून हौसाबाईंचा निरोप आला, की पापड लाटायचे आहेत, दिपाला पाठवून दे. हौसाबाई म्हणजे भगवानची बायको. दिपा गेली. पावसाळ्याच्या दिवसांत कोणी पापड करत नाही, हे तिच्या लक्षात आले ते नंतर.

तीन माणसे आली. एकाच्या हातात टेप होती, एकाच्या हातात मोबाईल, तिसरा फक्त लिहीत होता. भगवान परीटघडीचा पांढरा शर्ट घालून उभा होता. त्याने त्यांना शेड दाखवली, जॅक दाखवला, टायर दाखवले. मग तो माझ्याकडे आला आणि हे माझे मशीन, असे म्हणून त्याने माझे बटण दाबले.

मित्रांनो, मी चालू झालो.

मी यंत्र आहे, बटण कोण दाबतो हे मला निवडता येत नाही. पण माझी मोटर कधी कधी पहिल्या झटक्याला अडत असे. नीलेशला पट्ट्याला हाताने जरा ढकलावे लागे. त्या दिवशी अडली नाही. भगवानच्या बोटाखाली मी पहिल्याच झटक्यात, नव्यासारखा चालू झालो. ते माझ्या मनाला अजून लागून आहे.

लिहिणाऱ्या साहेबाने नीलेशकडे पाहिले आणि विचारले, "तुम्ही कोण?"

नीलेशने भगवानकडे पाहिले. भगवान बाटलीतून पाहुण्यांसाठी सरबत ओतत होता. त्याने मान वर केली नाही.

"मी कामाला हाय इथं," नीलेश म्हणाला.

"किती वर्षं?"

"चार."

"पगार वेळेवर मिळतो?"

"मिळतो."

मोबाईलवाल्याने हे सगळे व्हिडिओत टिपले. कागदावर लिहिले गेले: एक हवेचा कंप्रेसर, निळा, चालू स्थितीत, मालक भगवान. खाली कामगार म्हणून नीलेशने सही केली. तो सातवीपर्यंत शिकला होता आणि त्याची सही चांगली होती.

दिपा परत आली तेव्हा त्याने तिला सगळे सांगितले. तिने एवढेच विचारले, की अर्ध्याचे कुठे लिहिले आहे. नीलेशला राग आला. माणसाने माणसावर कुठेतरी विश्वास ठेवायला नको का, असे तो म्हणाला. दिपाने फडके उचलले आणि मला पुसायला घेतले. त्या दिवशी काच पुसायची ती विसरली.

पाच-सहा महिन्यांनी शेड पाडली. नव्या वसाहतीत गाळा मिळाला: पांढऱ्या भिंती, गुळगुळीत फरशी, लोखंडी शटर. नीलेशने मला स्वतः उचलून टेम्पोत ठेवले आणि स्वतःच गाळ्यात उतरवले. जागा आतून बघताना तो लहान मुलासारखा इकडून तिकडे चालत होता. टायर कुठे रचायचे, दिपाची जागा कुठे, पाण्याचे टाके कुठे, हे त्याने खडूने फरशीवर आखले. महिनाभर तो सकाळी सातला शटर उघडी. रस्ता नवा होता, गाड्या कमी होत्या, पण धंदा हळूहळू लागत होता. गल्ला मात्र संध्याकाळी भगवानचा माणूस येऊन घेऊन जाई. हिशेब महिन्याच्या शेवटी होईल, असे सांगितले होते.

महिन्याच्या शेवटी भगवान आला. नीलेशने त्याला स्टूल पुसून दिले. भगवान बसला नाही. त्याने खिशातून एक पाकीट काढून नीलेशच्या हातात दिले.

नीलेशने उघडून पाहिले. "हे काय?"

"पगार."

"कसला पगार, शेठ? अर्धा गाळा माजा बोललावता ना तुमी?"

भगवान रागावला नाही, हसलाही नाही. रोजचे काही सांगावे तसे तो म्हणाला, "तूच सांगितलास ना सायबाला, कामाला हाय म्हणून. मंग कामाला हाय तर पगार नको काय?"

नीलेशने ते पाकीट माझ्या टाकीवर ठेवले. मग त्याने माझा हवेचा पाईप गोल गुंडाळला, खिळ्याला अडकवला, हात धुतले आणि शटरखालून बाहेर पडला. त्याने मागे वळून पाहिले नाही. पाकीट दोन दिवस माझ्या पाठीवर होते. तिसऱ्या दिवशी भगवानच्या माणसाने ते उचलून नेले.

पुढचे मी भगवानच्याच तोंडून ऐकले. टायरचे काम बंद पडल्यावर त्याने तो गाळा विश्वजीत नावाच्या जमीन-फ्लॅटच्या एजंटाला भाड्याने दिला. एजंटाने आत काचेचे टेबल आणि गार हवेचे यंत्र आणले, आणि मला मागच्या जिन्याखाली ढकलले. तिथे चहा पिताना भगवान त्याला ही गोष्ट सहज सांगत होता. नीलेशने म्हणे हरकतीचा अर्ज केला होता. कमलाकरांनी त्याला तो सुंदर अक्षरांत लिहून दिला होता. दिपाने मोबाईलवर चार वर्षांत आलेले गिऱ्हाइकांचे पैसे दाखवले, ते सगळे नीलेशच्या खात्यात आले होते. साहेबांनी सांगितले, मालक कामगाराच्या खात्यावर पैसे घेतो, असेही चालते. आणि मग त्यांनी नीलेशला तो व्हिडिओ दाखवला. मी कामाला हाय इथं. पगार मिळतो. त्याच्याच तोंडचे शब्द होते. एखाद्या बाहेरच्या माणसाने प्रतिज्ञापत्र दिले, की दुकान याचे होते, तर पुन्हा पाहू, असे साहेब म्हणाले. नीलेश कमलाकरांकडे गेला.

कमलाकरांनी दिले नाही. त्यांच्या सोसायटीला नळाचे पाणी अजून आलेले नव्हते. भगवानचा टँकर रोज सकाळी येई. प्रतिज्ञापत्राची कुणकुण लागल्यावर एक दिवस टँकर आला नाही. दुसऱ्या दिवशी सोसायटीची बैठक झाली, आणि रमाबाईंनी नवऱ्याला सांगितले, की आपण इथे बाहेरून आलेली माणसे आहोत.

"म्हाताऱ्यानं मला सोताहून फोन केला," भगवान एजंटाला सांगत होता. "बोलला, माजा या प्रकरणाशी काय संबंध नाय."

दर सोमवारी हवा तपासायला येणारा तो माणूस. मित्रांनो, भगवानने फसवले याचे मला दुःख झाले, पण ते ऐकून जे वाटले ते वेगळे होते. भगवानने गाळा घेतला. कमलाकरांनी तर काहीच घेतले नाही. त्यांनी फक्त, जे रोज डोळ्यांनी पाहिले होते, ते पाहिले नाही असे केले.

आता शेवटचे सांगतो. मागच्या उन्हाळ्यात एका दुपारी मला ओळखीची पावले ऐकू आली. नीलेश आणि दिपा टेम्पो घेऊन मला न्यायला आले होते. नीलेश वाळला होता. दिपाच्या बचत गटातल्या बायकांनी शिरढोणच्या बाजूला रस्त्यालगत एकीच्या अंगणात त्याला जागा दिली होती, आणि या वेळी दिपाने आधी कागद करून घेतला होता. तोवर दोघे पायपंपावर स्कूटर-सायकलीच तेवढ्या करत होते. ट्रक-टेम्पोचे काम घ्यायचे तर मी हवा होतो.

भगवानने नाही म्हटले नाही. घेऊन जा, मला काय करायचे आहे, असे म्हणाला. फक्त एक अडचण होती. भरपाई घेताना मशीन त्याचे म्हणून लिहिले होते, त्यापोटी पैसेही आले होते. उद्या कोणी तपासायला आले तर? म्हणून त्याने एजंटाच्या टेबलावरून एक कागद आणवला. त्यावर टाईप केले होते: भगवान यांच्या मालकीचा जुना कंप्रेसर मला विनामूल्य मिळाला. खाली सहीची जागा होती.

नीलेश जिन्याखाली वाकून माझ्याजवळ आला. त्याने माझ्या टाकीवर तळहात ठेवला, मी बंद असताना. मग तो उठला आणि त्याने पेन घेतले. त्याला मी हवा होतो, मित्रांनो. माझ्यासाठी तो सही करणार होता.

दिपाने त्याच्या हातावर हात ठेवला.

"एकदा बोललास तेवढं पुरे," ती म्हणाली. "आपलीच वस्तू नेताना दान घेतलं म्हणून लिवून द्यायचं नाय."

"मशीनबिगर ट्रकचं काम कसं करायचं?"

"नाय करायचं. पायपंपावर जेवढं व्हईल तेवढं करू. पन ते आपलं म्हणून करू."

टेम्पोवाल्याने दोनदा हॉर्न वाजवला. मग नीलेशने पेन जिन्याच्या पायरीवर ठेवले. मी पाहिले, की त्या दिवशी पहिल्यांदा भगवानने नजर खाली घेतली. टेम्पो रिकामाच गेला.

तेव्हापासून मी इथे आहे. त्यांनी मला टाकून दिले असे मला वाटत नाही, पण एकटे वाटते हे लपवत नाही. हवा दाबली की तिच्यातला ओलावा आमच्या टाकीच्या तळाशी पाणी होऊन साठतो. तो रोज सोडायला तळाला एक छोटी चावी असते. ती फिरवायला इथे कोणी येत नाही. माझा गंज आतून सुरू झाला आहे, बाहेरून निळा रंग अजून बरा दिसतो.

मित्रांनो, मला पुसा, माझी चावी फिरवा, असे मी सांगणार नाही. माझ्यासारखी यंत्रे पुष्कळ निघतील. पण तुम्ही उद्या मोठे व्हाल. तुमच्यातला कोणी बँकेत बसेल, कोणी जागेचा मालक होईल, कोणी हातात कागद घेऊन दुकाने मोजायला जाईल. त्या दिवशी एखाद्या शेडमध्ये पांढऱ्या शर्टातला माणूस हे सगळे माझे म्हणून सांगू लागला, तर शेजारी काळ्या हातांनी उभा असलेल्या माणसालाही जरूर विचारा, की तू कोण. आणि विचाराल तेव्हा आधी त्या पांढऱ्या शर्टवाल्याला जरा बाहेर थांबायला सांगा.